फळ्यावरचा मांड

आता गणित शिकवायला म्हणे पडदे लागतात, रंगीत चित्रं लागतात. लागू देत बापडी! आमच्या सर्वणच्या शाळेत एक फळा होता आणि रघुनाथ मास्तर होते. गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मास्तर वेंगुर्ल्याकडचे, नोकरी हंगामी. तपासणीच्या साहेबांना पाठ आवडला तर कायम, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून घरची वाट. आणि पाठ कसला, तर आलेखावरच्या सरळ रेषेचा! आम्हा आठवीच्या पोरांना ते जायला नको होते, कारण मास्तर आम्हाला फार आवडायचे.

वाय बरोबर एम एक्स अधिक सी. समीकरण कुठलंही असो, आम्ही रेघ ओढायचो ती शून्यापासूनच. मास्तर कपाळाला हात लावायचे. "अरे, सी खंय गेलो?"

शिमगा जवळ आला तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमची मिरवणूक खंयसून निघता? देवळातसून?"

"नाय! मांडावरसून!" सगळा वर्ग ओरडला. ढोल-ताशे घेऊन गाव आधी मांडावर, देवकार्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेत जमतो, अनवाणी उभं राहून नमन घालतो, मगच पाऊल हलतं. हे आम्हाला कुणी सांगायला हवं?

"मगे? शून्य म्हणजे देऊळ, सी म्हणजे उभ्या अक्षावरचो मांड. आधी मांडार उभे रवा. आणि एम म्हणजे वाटेचो चढ, एक पाऊल पुढे गेल्यार किती वर जायचां तो."

झालं! त्या दिवसापासून ठिपका देताना आम्ही चपला काढून हात जोडायचो, आणि एकाचीही रेघ चुकली नाही.

तपासणीला साहेबांनी नेमकं मलाच उठवलं. "दोन एक्स अधिक तीन." मी फळ्यापाशी चपला काढल्या, उभ्या अक्षावर तिनाला ठिपका दिला आणि सवयीनं हात जोडले.

"हे काय? शाळा आहे की देऊळ?" साहेब कडाडले. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

मला असा राग आला म्हणता! "मांडावर कोणी चपला घालून उभं राहतं काय, साहेब?" म्हटलं, आणि एक घर उजवीकडे, दोन घरं वर, असं करत रेघ ओढली.

"बरं, नुसतं दोन एक्स असेल तर? मग कुठे गं तुझा मांड?"

"देवळाच्याच दारात. रेघ शून्यातून जाईल. चढ मात्र तोच."

साहेब खो खो हसले. मास्तर कायम झाले.

त्या शिमग्याला गावकारांनी, गावच्या मानकऱ्यांनी, मास्तरांना मानानं मांडावर बोलावलं. परगावच्या माणसाला! मी बायकांबरोबर कुंपणापाशी उभी. नमन झालं, नारळ फुटला, आणि मास्तर गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "घे गो शालू. तुझ्यामुळे मांडार उभो रवलंय."

"तुम्ही राहिलात," मी म्हटलं. "आम्हा मुलींना कोण घेतो मांडावर?" मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तरांनी फळ्यावर अक्ष काढले, खडू माझ्या हातात दिला, आणि मी ठिपका देईपर्यंत स्वतःच्या चपला काढून बाजूला उभे राहिले.