मक्याच्या शिवारातली गोफण

मित्रांनो, मी एक जुनी गोफण आहे. चिकलठाण्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, बैठकीच्या खोलीतल्या खिळ्याला मला टांगून ठेवलं आहे. शेजारची मुलं येतात आणि मला हात लावून बघतात. कोणी म्हणतं, हा बाहुलीचा झोका. कोणी म्हणतं, कुंडी टांगायचं शिंकाळं. मी ऐकून घेते. ज्या हातानं मला जन्मभर फिरवलं तो आतल्या खोलीत पांघरुणाखाली पडलेला असतो, पण त्याला विचारायला कोणी जात नाही.

माझा जन्म फुलंब्रीजवळच्या एका खेड्यात झाला. पुंजाराम नावाच्या शेतकऱ्यानं अंबाडीचा वाख मांडीवर वळून दोन दोऱ्या केल्या आणि मधोमध दगड मावेल एवढी वाटी विणली. एका दोरीला बोट अडकवायला फासा ठेवला, दुसरी मोकळी सोडली. त्याची बायको साळूबाई तेव्हा नुकतीच नांदायला आली होती. पुंजारामानं मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "सोनं घालायची ऐपत नाय माही. हे घे."

"सोन्यानं काय पाखरं उडत्यात व्हय?" साळूबाई म्हणाली, आणि दोघंही हसली.

स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण मी करणार. बाजरी दाण्यात आली की साळूबाई वावरातल्या राखणीच्या उंच माळ्यावर चढायची, मला डोक्याभोवती गरगर फिरवायची आणि मोकळी दोरी सोडायची. असा काही कडाका उठायचा की शिवारभर चिमण्या, होले आणि राघू भुर्रकन उडायचे. मी आजवर एकही पाखरू मारलं नाही. साळूबाईचा तो नेमच होता. पाखराला भेवडवायचं, जिवे मारायचं नाही.

तेव्हा दर वावरात बाजरी होती आणि दर वावरात माळा होता. बांधापलीकडच्या माळ्यावर आवडाबाई असायची. ती साळूबाईच्याच वयाची होती आणि जीभ तिची माझ्यापेक्षा लांब पल्ल्याची. इकडून थवा उडाला की तो तिच्याकडं जायचा.

"आवडे, तुही पाखरं आली व्हती गं, धाडून दिली!" साळूबाई ओरडायची.

"ठिवून घ्यायची की दोन दिस! माह्याकडं आधीच पाव्हणे लई झाले!" पलीकडून उत्तर यायचं.

आवडाबाई ती पाखरं पुढच्या वावरात धाडायची, पुढचा त्याच्या पुढं. असं करत सगळ्या गावानं पाखरं वाटून घेतली होती. त्यांचं पोटही भरायचं आणि कोणाचं खळंही रिकामं राहायचं नाही. मला वाटायचं, हे सगळं माझ्याच कडाक्यानं चाललं आहे. माझं चुकत होतं, पण ते फार उशिरा कळलं.

मग मका आला. आधी एका वावरात आला, मग दहा वावरांत, आणि बघता बघता सगळं शिवार त्याचं झालं. लोक त्याला नावं ठेवत नव्हते आणि उगाच ठेवूही नयेत. ट्रॅक्टरनं पेरावा, तणनाशक मारावं, युरिया द्यावा. लष्करी अळी दिसली तर पोंग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या सुरळीत, फवारणी करावी. कापणीला मजूर आणावेत आणि मशीनमधून दाणे काढून रस्त्याच्या कडेला वाळत घालावेत. व्यापाऱ्याचा ट्रक वावराच्या तोंडाशी येतो. काही मका कोंबड्यांच्या खाद्यात जातो, काही कारखान्यात, आणि आता म्हणे पेट्रोलात मिसळायचा अर्कही त्यापासून काढतात. मक्यानं गावात पक्की घरं उभी केली, पोरांची शिक्षणं केली. तरी म्हातारी माणसं कुरकुरायची, "पिकवतो आपण आन् खात्यात कोंबड्या!"

माझ्या दृष्टीनं मक्याची खोड एकच. त्याचं कणीस पानांच्या वेष्टनात गुंडाळलेलं असतं, त्यामुळं पाखरांना त्यात चोच घालणं जड जातं. राखण लागत नाही, म्हणून माळे मोडले. राखणीला माणूस नको, म्हणून माणसंही वावरात येईनाशी झाली. भर हंगामात हाक मारावी तर हिरव्या भिंतीच भिंती, आणि त्यांच्यामागं कोणी नाही.

पुंजाराम वारला. मुलगा बन्सी चिकलठाण्याच्या कंपनीत लागला, तिथंच त्यानं घर घेतलं. त्यानंही मका लावला, फक्त माळ्याभोवतालचा एक तुकडा आईच्या हट्टापायी बाजरीला ठेवला. बन्सी वाईट मुलगा नव्हता हे सांगितलं पाहिजे. एकदा साळूबाईला वावरात चक्कर आली आणि ती दुपारभर मक्याच्या आड पडून राहिली. हाका मारल्या, त्या कोणाच्या कानी गेल्या नाहीत. बन्सीनं ते ऐकलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले.

"माय, आता ऐक," तो म्हणाला. "यंदा बाजरी खायापुरती निघाली तर ऱ्हा गावात, मी काय बोलणार नाय. नाय निघाली तर तिथं बी मका टाकू आन् तू माह्यासंगं चल. मक्याला माणूस लागत नाय. मंग तू एकटी कामून बसायची तिथं?"

साळूबाईनं कबूल केलं. तिला वाटलं, जन्मभर बाजरी राखली, त्यात एवढा तुकडा तो काय! मलाही तसंच वाटलं.

पण दाणा भरला आणि आमच्या पायाखालची जमीन सरकली. साऱ्या शिवारात बाजरी एकट्या आमचीच, त्यामुळं साऱ्या शिवाराची पाखरं आमच्याकडं. मी कडाडले की थवा उठायचा, मक्यावरून एक गिरकी घ्यायचा आणि परत आमच्याच कणसांवर उतरायचा. जाणार कुठं बिचारी? साळूबाई इकडं वळली की तिकडची कणसं उघडी पडायची. तिचा खांदा सुजला. एका दुपारी तिनं मला खाली ठेवलं आणि बांधापलीकडं तोंड करून जीव खाऊन ओरडली, "आवडे! तुही पाखरं घेऊन जा गं!"

मका नुसता सळसळला. माझ्या उभ्या आयुष्यात एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती मला कमरेला खोचून आवडाबाईच्या दारात गेली. "आवडे, सोबतीला ये गं दोन-चार दिस. एकटीच्यानं आवरत नाय."

आवडाबाई दळणाचा डबा उतरवत होती. "साळू, गुडघे धरलेत माहे. आन् एवढी उठाठेव कामून करती? दुकानात इकत भेटती बाजरी."

साळूबाई तशीच परतली. मला तिचा राग आला नाही, आवडाबाईचा आला. अजूनही थोडा आहे.

बाजरी कापली तेव्हा कणसांचे नुसते सांगाडे हाती आले. झोडून, पाखडून सूपभर दाणे निघाले. बन्सीनं सूप पाहिलं आणि मान खाली घातली. जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता.

गाव सोडायच्या आदल्या दिवशी साळूबाईनं त्या दाण्यांच्या भाकरी केल्या. निरोपाला आवडाबाई आली. चुलीपाशी बसून तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चावला, आणि एकदम पदर डोळ्यांना लावला. "कितीक वर्सांनी गं ही चव! साळू, पुढच्या साली मी बी टाकते बघ बाजरी."

"टाक," साळूबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आवडाबाई शब्दाला जागली. पुढच्या पावसाळ्यात तिनं पोराशी भांडून एक तुकडा पेरला. साळूबाईच्या वावरात तेव्हा बांधाला बांध लागून मका उभा होता. एक दिवस बन्सीच्या फोनवर आवडाबाईचा आवाज आला. मी खिळ्यावरून सगळं ऐकलं.

"साळू, सगळी खाल्ली गं पाखरांनी. तू असतीस तर निम्मी तुह्याकडं गेली असती."

साळूबाईनं फोन दुसऱ्या हातात घेऊन आपला खांदा चोळला. मग म्हणाली, "खांद्याला तेल लाव आवडे. कोमट करून लाव." आणि फोन बन्सीकडं देऊन आत जाऊन पडली.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, धूळ झटका, असं काही मी मागणार नाही. मी दोरीच आहे, एक दिवस कुजेन. मक्याशीही माझं वैर नाही. एवढंच सांगते, तुमच्या शेजारी कोणी एकटं एखादी गोष्ट राखत बसलेलं दिसलं, तर त्याच हंगामात त्याच्या बांधावर जाऊन उभे राहा. पुढच्या साली येतो म्हणू नका. पुढच्या साली ते माणूस तिथं नसतं.