चढा फा

शिलाँगमधल्या इयूदूहच्या बाजारात जुन्या घोंगड्यांच्या दुकानी वानफ्रांगला ती दिसली, तेव्हा ती तांदळाच्या पोत्यात उभी होती. बास गिटार. चार जाड तारा, आणि मानेवर बोटांखालचा धातूचा पडदा एकही नाही. दुकानदाराला ना तिचं गाव ठाऊक, ना तिचं माणूस.

"खेड्यातून कुणीतरी आणून टाकली, बाह," दादा म्हणावं तसं तो म्हणाला. "घ्यायची तर घ्या, माझी जागा अडते."

वानफ्रांगनं घेतली. बायको वारली तशी त्याच्या हाताला काही उरलं नव्हतं. ते घर खासी रीतीप्रमाणे तिच्या माहेरचं, तिच्या माणसांकडे राहिलं. तो आईच्या घरी परतला, म्हणजे त्याच रीतीनं आता धाकट्या बहिणीच्या घरी. बहीण मायेची होती, भाचे मामा-मामा करत, ताट वेळेवर पुढ्यात येई. पण सगळे चुलीभोवती बसले की त्याला वाटे, आपण कुणाकडे तरी चहाला आलो आणि उठायचं विसरलो.

आता खोलीत ती होती. तीस वर्षं त्यानं हॉटेलांतल्या बँडमधून बास वाजवली, पण पडदे असलेली. तिथं पडदा सांगेल तिथं सूर. इथं बोट सांगेल तिथं. सूर एकाकडून दुसऱ्याकडे असा सरकत जाई, जसं धुकं दरीतून चढावं. मात्र मानेच्या कडेला, लाखेखाली, पेन्सिलीनं बारीक अक्षरं लिहिलेली होती: डो, रे, मी, फा. चर्चच्या गाण्यांच्या वहीत असतात तीच. आणि ती सगळी चुकीच्या जागी होती.

तो ती घेऊन मावखारला डेन्सिलकडे गेला. डेन्सिल वाद्यं दुरुस्त करी आणि रविवारी चर्चच्या वृंदात गाई.

"कारखान्यातून अशी आलेली नाही ही," मानेवरून अंगठा फिरवत तो म्हणाला. "कुणीतरी पडदे पकडीनं उपटलेत. हे बघ, ओरखडे. आणि फटींत बांबूच्या चिपा बसवल्यात. काम कसायाचं, पण जीव लावून केलेलं."

"आणि या खुणा?"

"दारू पिऊन केल्या असतील. घासून टाकू?"

"थांब." वानफ्रांगनं विचारलं, "चोरीची असेल का रे?"

"असेलही. मागल्या वर्षी खेड्यांतल्या दोन-तीन चर्चमधून वाद्यं गेली. पोत्यात घालून विकतात ते काय वाजतगाजत?"

वानफ्रांगचा हात तारांवरून आपोआप निघाला. मग त्यानं डेन्सिलच्या नादकाट्याच्या शुद्ध सुरावर चारही तारा लावल्या आणि मुद्दाम त्या खुणांवरच बोट ठेवत सूर काढले. सगळे जरासे उतरलेले. एक फा तेवढा वर चढलेला, गर्दीत टाचा उंचावून पाहणाऱ्या माणसासारखा.

डेन्सिल मांडीवर थाप मारून हसला. "अरे, हे तर लाइतसोहमावाले! चर्चच्या गायन संमेलनात दरवर्षी असंच गायचे. सगळं गाव फा चढा लावायचं, आणि परीक्षक कान धरून बसायचे. आम्ही त्यांची नक्कल करायचो."

"म्हणजे ही तिथली."

"असेल. पण जाऊ नकोस. गेलास तर तिथंच ठेवून यावी लागेल."

"ठाऊक आहे."

"मग कशाला जातोस?"

"दुसऱ्याच्या ताटात जेवल्यासारखं वाटतं, डेन्सिल. घास उतरत नाही."

"वेडा आहेस. छत्री ने," डेन्सिल म्हणाला.

शनिवारी सकाळच्या सुमोनं तो निघाला. बास त्याच पोत्यात, गुडघ्यांमध्ये धरलेली. वळणावळणाला तो तिची मान सावरत होता. आपण हिला परत पोचवायला चाललोय की निरोप द्यायला, हे त्याला स्वतःलाच उमगत नव्हतं.

लाइतसोहमाच्या फाट्यावर सुपारीच्या दुकानातल्या बाईनं पोत्यातून डोकावणाऱ्या खुंट्या पाहिल्या आणि काही न विचारता वरच्या घराकडे बोट केलं. "काँग थेइलिन."

नावाआधी मानानं काँग, म्हणजे ताई, म्हणायची रीत; काँग थेइलिन सत्तरीची असेल. अंगणात मिरच्या निवडत होती. तिनं पोतं पाहिलं, पाहुण्याला पाहिलं, आणि बसायला वेताचा मोढा पुढे सरकवला.

"बसा, बाह. आधी सुपारी, मग काम."

सुपारी तोंडात गेली तरी वानफ्रांगला धीर निघेना. "काँग, ही तुमच्याकडून चोरीला गेली का?"

"चोरीला? मीच विकली. भाच्याच्या हातून."

त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण उठून जावंसं काही वाटेना. "पडदे कुणी उपटले?"

म्हातारी हसली. "आमच्या एव्हननं. माझ्या नवऱ्यानं. माझ्यापायी."

मग ती सांगत गेली. चाळीस वर्षं ती चर्चमध्ये पायपेटी वाजवत होती. पावसाच्या ओलीनं पेटीचे सूर उतरले, एक फा तेवढा वर गेला. गावाचे कान तिच्यावरच वाढले. एव्हननं हौसेनं शिलाँगहून बास आणली आणि पहिल्याच रविवारी भर प्रार्थनेत दोघांचं जुंपलं.

"मी म्हटलं, तुझी गिटार वाकडी. तो म्हणाला, तुझी पेटी वाकडी. आठवडाभर अबोला. शनिवारी बघते तर इथंच बसून पकडीनं पडदे उपटतोय! म्हटलं, डोकं फिरलं का? म्हणतो कसा, पेटी देवाची आहे, तिला काय बोलू? गिटार माझी आहे."

"आणि खुणा?"

"त्या माझ्या. मी पट्टी दाबून धरायची, तो तारेवर बोट सरकवत यायचा. जुळलं की मी पेन्सिल टेकवायची. तारा मात्र नादकाट्यानंच लावायचा. भारी हट्टी. म्हणायचा, शहराशी एवढं तरी नातं राहू दे."

वानफ्रांग बोटांनी ती अक्षरं चाचपत राहिला. "पेटी कुठं आहे?"

"एव्हन गेल्यावर वाळवीनं खाल्ली. विजेची नवी आली. पोरं आता सरळ फा गातात, छान गातात." तिनं एक मिरची उगाच उलटसुलट केली. "मला तो लागत नाही, बाह. मी आपली मधे बसते आणि नुसते ओठ हलवते."

वानफ्रांगनं बास मांडीवर घेतली, तारा लावल्या आणि खुणांवर बोट ठेवून हळूहळू एक चर्चचं गाणं वाजवलं. दुसऱ्या ओळीला काँग थेइलिननं आवाज मिसळला. आवाज फाटका, पण फा आला तसा तो न अडखळता वर गेला आणि तारेच्या सुराला नेमका जाऊन टेकला. त्या एका जागी काहीही चुकीचं नव्हतं.

गाणं संपलं. दोघंही एकमेकांकडे पाहीनात.

"ही तुमचीच आहे, काँग," अखेर तो म्हणाला. "मी ठेवून जातो."

"मला कुठं वाजवता येते? इथल्या धुक्यात बुरशी चढेल तिला." तिनं डोळे पदराला पुसले. "तुमच्या घरी कोण असतं?"

"बहीण असते. भाचे असतात."

"म्हणजे घर बहिणीचं."

"हो."

"आणि बायकोचं?"

"ते तिच्या माणसांचं."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच.

"मग बाबा, एवढी तरी तुझी असू दे."

तिनंच पोतं झटकलं, बास आत घातली, तोंड सुतळीनं बांधलं. चार मिरच्या कागदात गुंडाळून त्याच्या खिशात कोंबल्या. तो फाट्यावर आला तेव्हा एक सुमो भरून निघून गेली होती. दुकानातली बाई म्हणाली, दुसरी येईल, पण सांगता येत नाही कधी. तो पोतं गुडघ्यांमध्ये धरून दगडावर बसला. वरच्या घराचं छप्पर धुक्यात आधी फिकट झालं, मग उरलंच नाही.