पोटातल्याचं गाऱ्हाणं

नारळाची शेंडी देवाकडे करून गुरुदास उभा राहिला आणि पहिलाच शब्द ओठातल्या ओठात पुटपुटला. मागे सभामंडपात गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला तयार बसलं होतं.

“गुरुदासा, देवाक रजिस्टर धाडतंस काय?” चुलतभाऊ मंगेश म्हणाला. “तोंडान सांग!”

लोक हसले. गुरुदासही कसंनुसं हसला. त्याचं आयुष्य पोस्टाच्या जाळीमागे गेलं होतं; तिथे लोक बोलत आणि तो शिक्के मारी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने मागणं मागायचा मान वडिलांचा. ते चैत्रात गेले आणि मान त्याच्याकडे आला. आजचं हे पहिलंच. कसंबसं पार पाडायचं आणि बाहेर पडल्यावर मान मंगेशच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवलं होतं. ‘मागाहून एक बोलूचा आसा’ असं मंगेशला सांगूनही ठेवलं होतं.

खांबाजवळ दीपिका उभी होती. पशुवैद्यकीय कॉलेजातून आलेल्या या मुलीला संशोधनासाठी देवळाच्या तळ्यातल्या गोगलगायी हव्या होत्या. देवाच्या तळ्यातलं काही न्यायचं तर आधी देवाला सांगावं लागतं, आणि काय नेतो ते नावं घेऊन सांगावं लागतं. म्हणून सकाळी ओसरीवर बसून गुरुदासाने तिच्याकडून सगळं समजून घेतलं होतं. म्हशीच्या यकृतात पानासारखा चपटा किडा होतो. त्याची पिल्लं आधी गोगलगायीच्या अंगात वाढतात, मग पाण्याकाठच्या गवताला चिकटून म्हशीच्या पोटात जातात. आणि अशा काही किड्यांच्याही आत एक जंतू राहतो. अंड्यातून पिल्लात, पिढ्यान्‌पिढ्या.

“म्हणजे तो जंतू किड्याला खातो?” गुरुदासाने विचारलं होतं.

“तेच शोधतेय, काका. त्रास देतो की मदत करतो, अजून नीट कळलेलं नाही. नुसता राहतही असेल.”

गुरुदासाने डोळे मिटले.

“बारा वहिवाटीच्या म्हाराजा!” आवाज फाटला, पण निघाला.

“व्हय म्हाराजा!”

“ह्या चेडू लांबसून इलेला आसा. तुझ्या तळ्यातल्यो गोगलगायी मागता म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“गोगलगायीच्या पोटात किडो आसा, किड्याच्या पोटात जंतू आसा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आता वडिलांची चाल त्याच्या जिभेवर आली. वडील कुणाचं नाव घेतलं की ते तसंच उघडं सोडत नसत. त्याच्यासाठी काही ना काही मागत. गुरुदासाची जीभ आपसूक त्याच वाटेने गेली.

“तर ही जी काय लेकरा तुझ्या तळ्यात नांदतत, गोगलगाय, किडो, जंतू, तेंका सगळ्यांका सुखी ठेव, आणि तेंचो वेलविस्तार वाढव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

गाव एका सुरात म्हणालं आणि मग एकमेकांकडे बघू लागलं.

“अरे मेल्या!” मंगेश उठलाच. “किड्याचो वेलविस्तार? आणि माझ्या म्हशींनी जावचा खंय?”

“तू पण व्हय म्हणालंस,” मागून कुणीतरी म्हणालं.

मंडप हसून हसून लोळला. दीपिकाने ओढणी तोंडाला लावली आणि जाळी उचलून तळ्याकडे पळाली.

गुरुदासाचे कान तापले. देवापुढे गेलेला शब्द परत गिळता येत नाही. नारळ ठेवून तो पायऱ्या उतरला आणि चपला शोधू लागला.

“गुरुदासा.”

सुगंधावैनी समोर आली. तिची दुभती म्हैस गेल्या वर्षी याच किड्याने गेली होती. गुरुदासाने मान खाली घातली.

“चुकलंय गो वैनी.”

“ता रवांदे.” तिने पिशवीतून नारळ काढला. “माझो विनीत मस्कतात आसा. ठावक आसा मां तुका?”

“आसा.”

“परक्याच्या घरात खोली घेऊन रवता. तुझो बापूस गाऱ्हाण्यात ‘गावातली लेकरा’ म्हणी. माझो झील गावात खंय आसा? आणि माका वेगळा मागूक लाज वाटा.” तिने नारळ त्याच्या हातात दिला. “आज तू किड्याच्या पोटातल्याकसुद्धा सोडूक नाय. माझ्या झिलाचा पण सांग. आसा थंय सुखान रवांदे. आणि ज्याच्या घरात रवता, तेका पण सुखी ठेव म्हण.”

मंगेश हसून ओले झालेले डोळे पुशीत पायऱ्या उतरत होता.

“काय ता बोलूचा होता तुका?”

“काय नाय,” गुरुदास म्हणाला. हातातला नारळ फिरवून त्याने शेंडी देवाकडे केली.

“वैनी, त्या घरमालकाचा नाव काय गो?”

सुगंधावैनी गोंधळली. मग तिने पिशवीत हात घातला.

“थांब,” ती म्हणाली, “फोन लावतंय.”