आजीचा उजवा डोळा

दारात चपलांचा खच पडला होता. हरवलेल्या कात्रीचा पत्ता विचारायला शिंप्याने दुकानाचं शटर अर्धवट ओढून गर्दीत पुढची जागा पटकावली होती. पाच वर्षांच्या चिंगीच्या अंगात आलं होतं.

चेहरा लालबुंद, अंग तापलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या बुबुळभर. खाटेवरून तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "मांजर चाललंय!"

"मांजर!" शिंपी पुटपुटला. "म्हणजे माझी कात्री नेणारा दबक्या पावलांचा आहे."

अंगातलं उतरवायला बोलावलेल्या फुंकरबाबांनी तिच्या डोळ्यांवर विजेरी धरली. "पाहा! माणसाची बाहुली उजेडात बारीक होते. हिची होत नाही. म्हणजे आत माणूस नाहीच!"

गर्दीने हात जोडले.

"आई, पाणी," चिंगी म्हणाली.

"खबरदार! पाणी मिळालं की आतला मुक्काम ठोकतो."

आईचा हात भांड्यावरच थांबला.

आत्याने डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, तोही चिंगीची उद्याची तपासणी रद्द करायला. "तिच्या अंगात आलंय हो."

"चेहरा लाल? तोंड कोरडं? डोळ्यांत घालायला दिलेले थेंब बंद करा, मी निघाले."

डॉक्टरबाई आल्या आणि चिंगीला पाहताच म्हणाल्या, "हिला आत्ता इस्पितळात न्यायचंय."

बाप दारात आडवा उभा. "बाबा म्हणतात, उंबरा ओलांडला तर पोर हातची जाईल."

"तपासणीआधी घालायचे थेंब कोणी घातले?"

"मी. सांगितला तसा एकेकच," आई म्हणाली.

"मीही एकेक," आत्या म्हणाली. "वहिनी विसरभोळी आहे ना!"

"वर मी एकेक," आजी म्हणाली. "नातीच्या डोळ्यांना कसली कंजुषी?"

"आणि डोळ्याचा नाकाजवळचा कोपरा दाबून धरलात?"

"ती रडते हो!"

"मग औषध नाकातून घशात, तिथून अंगात. बाहुली मोठी करणं हे त्याचं कामच. जास्त झालं की ताप, कोरडं तोंड, भिंतीवर मांजर."

बाबा हसले. "बाई, ही विद्या तुमच्या पुस्तकात नाही."

डॉक्टरबाईंनी विजेरी त्यांच्याच हातातून घेतली. "आजी, थेंब घातल्यावर हात धुतलेत?"

"पदराला पुसले."

"आणि डोळा चोळलात?"

"उजवा. खाजत होता मेला."

आजीच्या डोळ्यांवर उजेड पडला. डावी बाहुली चटकन बारीक झाली. उजवी होती तेवढीच राहिली.

"बाबा, आजींच्या फक्त उजव्या बाजूला कोणी शिरलंय का?"

आधी शिंपी हसला, मग सगळं घर. "आजी, त्या डोळ्याने माझी कात्री बघा की!" बाबा चपला शोधू लागले. आईने भांडं चिंगीच्या ओठांना लावलं, आणि बाप दारातून बाजूला झाला.

चिंगी एक रात्र इस्पितळात राहिली. सकाळी भिंतीवर मांजर नव्हतं.

मुलांचे डोळे नीट तपासायचे तर बाहुली मोठी करावी लागते. त्यात भिण्यासारखं काही नाही. थेंब घरातल्या एकानेच घालावेत, सांगितले तेवढेच. कोपरा दाबावा, ओघळ पुसावा, हात धुवावेत. तरीही मूल तापून बरळू लागलं, तर बाटलीसकट डॉक्टर गाठावा. अंगात कोण आलं हे कोणी सांगू लागला, की आपण आधी विचारावं, अंगात गेलं काय?