थोरल्याने शिवलेलं बटण

थोरल्याला माफ करावं की नाही, यावरून आमच्या घरात दर रविवारी दुपारी जेवढे घसे कोरडे पडले तेवढे माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा पडले नव्हते. थोरला म्हणजे आमच्या नात्यातला नव्हे हो. जुन्या मालिकेतला. गँगचा म्होरक्या. मालिकेत सगळे त्याला थोरलाच म्हणतात, त्याच्या भावाला धाकटा, आणि गँगचा कारभार बघणारा त्याचा लहानपणापासूनचा मित्र, तो मुनीम. मुनीम पोलिसांना फितूर झालाय असा थोरल्याला संशय येतो आणि तो त्याला स्वतःच्या हाताने संपवतो. मुनीम खरंच फितूर होता का, हे मालिका शेवटपर्यंत सांगत नाही. झालं. माणसांना भांडायला एवढं पुरतं.

मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा आमचा मुलगा शाळेत होता. आता तो स्वतः बाप झालाय आणि दुसऱ्या शहरात असतो. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या घरी बघितली होती. या वर्षी माझ्या धाकट्या दिराने, म्हणजे भाऊजींनी, सगळी मालिका कुठून तरी मिळवली आणि ठरवलं, की पहिल्यापासून एकत्र बघायची. भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात, पण मालिका बघताना वकील होतात. त्यांच्यासोबत माझी जाऊ येते, ती फक्त बायकांच्या बाजूने असते. समोरच्या घरातले निवृत्त मास्तर येतात आणि कोणाच्याच बाजूने नसतात, सगळ्यांना गुण देतात. आणि आमचे हे. हे बेकरीची गाडी चालवतात. उजाडायच्या आत पाव पोचवायला निघतात, त्यामुळे दुपारी खुर्चीत बसले की बसलेच.

मी थोरल्याच्या बाजूची. एकटी. पहिल्या रविवारपासून सगळे माझ्यावर तुटून पडले.

"वहिनी, ज्याने मित्राला मारलं त्याची बाजू घेता?" भाऊजी म्हणाले.

"मारून आल्यावर तो काय करतो, ते विसरलात," मी म्हटलं. "घरी येतो. घरात कोणी नाही. खुर्चीवर मुलाचा शाळेचा कोट पडलाय, बटण तुटलेलं. तर हा एवढा म्होरक्या खाली बसतो आणि सुईत दोरा ओवायला बघतो. जमत नाही. दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं करतो, बोटाला टोचून घेतो, आणि शेवटी बटण शिवतो, तेही उलटं. ज्याला असं बटण शिवावंसं वाटतं तो सगळाच्या सगळा वाईट कसा असेल?"

"असं काही नाहीये त्यात."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? येईलच तो भाग."

तो भाग आला. थोरल्याने मुनिमाला संपवलं, नळाखाली हात धुतले, आणि मग हॉटेलात जाऊन पोटभर जेवला. वर गोड काय आहे म्हणून विचारलं. नावं वर सरकायला लागली.

"बटण?" भाऊजी म्हणाले.

"पुढच्या भागात असेल."

पुढच्या भागात नव्हतं. त्याच्या पुढच्यातही नव्हतं. भाऊजींनी माझ्यासमोर मागे नेऊन, पुढे नेऊन दाखवलं. मालिकेत थोरल्याला मुलगाच नाही, दोन मुली आहेत. शाळेचा कोट येणार कुठून? मास्तर समजुतीने म्हणाले, "वयाप्रमाणे होतं असं थोडंफार." जाऊ म्हणाली, "ताई, दुसरीकडे कुठेतरी पाहिलं असशील." मी यांच्याकडे बघितलं. पहिल्या वेळी मालिका आम्ही दोघांनी एकत्रच बघितली होती, याच बाजूबाजूच्या खुर्च्यांत.

"तुम्हाला तरी आठवतंय ना?"

यांनी बराच विचार केला. "नाही गं. असं काही नव्हतं."

वरवर हसले मी. म्हटलं, चला, चहा टाकते. आत जाऊन गॅससमोर उभी राहिले आणि काडी ओढायचं सुचेना.

कारण हे मी आधी बघितलं होतं. माझ्या आईचं असंच सुरू झालं. तिला कधी न झालेली लग्नं आठवायची. नुसती आठवायची नाहीत, नवरीच्या साडीचा रंग, कोण रुसलं, कोण उपाशी परत गेलं, सगळं बारीकसारीक. आम्ही हसायचो. म्हणायचो, आईने गोष्टी लिहायला पाहिजे होत्या. मग एक दिवस तिने मला विचारलं, बाई, आपण कोणाच्या? माझ्या आत्ताच्या वयाचीच होती ती. आणि मला तर त्या बटणाचा रंगसुद्धा आठवत होता. निळं होतं.

आमच्या घराखाली माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. सांगायला लाज कसली, माझी स्मरणशक्ती हा माझा तोराच होता. गिऱ्हाईक दारात दिसलं की चिठ्ठी न बघता माझा हात त्याच्या हँगरवर जायचा. कॉलरवरचा डाग बघून मी सांगायचे, ही शाई आहे की सॉस, आणि गेल्या वर्षीही इथेच पडला होता. त्या रविवारनंतर मी प्रत्येक कपड्याची चिठ्ठी वाचायला लागले. वाचून परत वाचायला लागले. एका बाईंचा जांभळा ब्लेझर हातात होता, माहीत होतं त्यांचाच आहे, तरी नंबर मिळवत बसले. त्या म्हणाल्या, "आज बरं नाही का तुम्हाला?" मी म्हटलं, डोळ्यांचा नंबर वाढलाय. डोळ्यांवर काय, बिचाऱ्यांवर कोणीही खापर फोडावं.

घरात कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. मुलाला फोनवर नाही, यांना तर नाहीच नाही. मेंदूच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली आणि यांना सांगितलं, हँगर आणायला जायचंय. रात्रंदिवस एकच विचार, की मी एक दिवस या माणसाला विचारणार, अहो, आपण कोणाचे? आणि हा पावाची गाडी लावून येऊन माझ्यापुढे बसणार आणि रोज आपलं नाव सांगणार. आईचं सगळं यांनी माझ्यासोबत केलं होतं. माझं एकट्याने कसं करतील?

मंगळवारच्या आधीचा रविवार. मालिका बघायचं माझ्या मनात नव्हतं, पण नाही म्हटलं असतं तर विचारपूस झाली असती. सगळे जमले. थोरल्याची बायको घर सोडायचं म्हणते तो भाग होता. तेवढ्यात खालून घंटा वाजली. रविवारी दुकान बंद असतं, पण एका गिऱ्हाइकाला सूट तातडीने हवा होता. मी खाली गेले, सूट दिला, चिठ्ठी तीन वेळा तपासली, आणि वर येऊन बसले.

"काय झालं मधे?" मी सवयीने यांना विचारलं.

"धाकटा आला होता," हे म्हणाले. आवाज एकदम शांत, बातम्या सांगतात तसा. "म्हणाला, गाडी विकून टाकतो. थोरला म्हणाला, आधी मागचे टायर बदल, नाहीतर अर्धीसुद्धा किंमत येणार नाही. मग दोघं बराच वेळ टायरवरच बोलले."

माझं लक्ष कुठे होतं, मी मान डोलावली. भाऊजींनी हळूच रिमोट दाबून चित्र थांबवलं.

"दादा," ते म्हणाले, "धाकटा गेल्या रविवारी मेला."

"हो?"

"लिफ्टमध्ये गोळी घातली त्याला. लिफ्ट कशी चुकीची दाखवलीय म्हणून मी पाऊण तास बोललो."

"मग आठवणीत आला असेल थोरल्याच्या," हे म्हणाले.

जाऊ पदर तोंडाला लावून हसायला लागली. "दादा, तुम्ही घोरत होता. ताई खाली गेली आणि तुमची मान पडली."

"घोरत नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो."

"टायर कुठून ऐकलेत?" मास्तरांनी विचारलं.

यांच्या बेकरीच्या गाडीचे मागचे टायर गुळगुळीत झालेत आणि मालक बदलून देत नाही, हे आठवडाभर मी जेवताना ऐकत होते. माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी खुर्ची यांच्याकडे वळवली.

"अहो, इकडे बघा. तुम्ही हे नेहमी करता?"

"काय?"

"मी उठून गेले, परत आले, काय झालं म्हणून विचारलं, की तुम्ही मनाचं सांगता?"

यांनी भाऊजींकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. कोणी सोडवायला येईना. "तेव्हा तू किती चिडायचीस," हे शेवटी म्हणाले. "तुझं दुकान नवीन होतं. मालिका चालू असताना पाच वेळा खाली जायचीस, आणि म्हणायचीस, एवढं एक काम करा, नीट बघा आणि मला सांगा. आता मी पहाटेचा उठलेला. झोपलो होतो म्हणून सांगितलं असतं तर तू मला जेवायला दिलं असतंस का? मग जे सुचेल ते सांगायचो."

"खोटं बोल पण रेटून बोल," भाऊजी म्हणाले.

"थांबा हो तुम्ही," मी म्हटलं. माझा आवाज माझाच मला ओळखू येईना. "बटण. मुलाच्या कोटाचं बटण. आठवा."

"मालिकेत नव्हतं गं ते, बघितलं ना आपण सगळ्यांनी."

"मालिकेत नाही. आपल्या मुलाच्या. शाळेच्या कोटाचं."

हे आठवायला लागले. मी त्यांचा चेहरा बघत होते, कोणाचा इतका कधी बघितला नाही. "हां," ते म्हणाले. "ते तर मीच शिवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शाळेत काहीतरी होतं आणि तू खाली होतीस. दोरा जाता जाईना सुईत. टोचलं तर असं, की बोट सुजलं. आणि लागलं उलटं. पोराने तसाच घातला कोट, बोलला नाही कोणाला."

"कुठल्या रंगाचं?"

"निळं. कोट निळा होता ना त्याचा."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडले, आणि रडता रडता हसू येत होतं ते वेगळंच. जाऊ धावत पाणी घेऊन आली. हे उठून उभे राहिले, त्यांना वाटलं, बटण न सांगता शिवल्याबद्दल मी रडतेय.

मग मी सांगितलं. आईचं, चिठ्ठ्यांचं, मंगळवारच्या डॉक्टरांचं, सगळं. मास्तर खाली बघत होते. वयाप्रमाणे होतं असं म्हणालेले तेच. यांचा चेहरा पांढरा पडला.

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुमच्याकडेच आले होते आधी. तुम्ही म्हणालात, असं काही नव्हतं."

माझ्या शेजारी बसून यांनी माझा हात घट्ट धरला, सगळ्यांच्या देखत. आमच्यात असलं काही चालत नाही, पण मी सोडवून घेतला नाही.

जावेनेच मग वातावरण मोकळं केलं. "ताई, अजून काय काय आठवतंय तुला त्यातलं? आजच तपासून टाकू."

मी डोळे पुसले. "मुनीम घर सोडायच्या आधी झाडांना पाणी घालतो, ते?"

"नाही," भाऊजी म्हणाले. "मुनिमाकडे झाडंच नाहीत."

"आणि तो इन्स्पेक्टर? ज्याच्याकडे पाव रोज उशिरा पोचायचा, म्हणून तो दिवसभर चिडलेला असायचा?"

मग सगळ्यांनी एकदम यांच्याकडे बघितलं. मास्तर इतके हसले, की त्यांचा चष्मा कपात पडला. हे म्हणाले, "तसा एक होता खरा माझ्या लाइनीवर. इन्स्पेक्टर नव्हता, दातांचा डॉक्टर होता." मग तर भाऊजी जमिनीवरच बसले.

हसणं ओसरल्यावर मास्तरांनी चष्मा पुसला आणि मुद्द्याला आले, कारण त्यांना राहवत नाही. "म्हणजे आता थोरल्याच्या बाजूने पुरावाच उरला नाही. काय म्हणता? माफ करायचं की नाही?"

मी पडद्याकडे बघितलं. थोरला तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबलेला होता. इतके रविवार या माणसासाठी मी सगळ्यांशी भांडले.

"हलकट आहे मेला," मी म्हटलं. "मित्राला मारून गोड मागतो."

भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. सगळे निघून गेल्यावर मी डॉक्टरांच्या हॉस्पिटलात फोन केला आणि वेळ रद्द करायला सांगितली. पलीकडच्या मुलीने विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, लिही, सुंठीवाचून खोकला गेला.

फोन ठेवला तर हे दारात उभे. तोंड उतरलेलं.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "त्या डॉक्टरांकडे मी जाऊन येऊ का? म्हणजे बघ ना. बटणाचं तुला सगळं आठवत होतं, रंगासकट. थोरल्याच्या नावावर ते सांगितलं मीच, आणि सांगितल्याचं मलाच आठवत नाही. असं कसं झालं?"

बिचारा खरंच घाबरला होता. गेले कित्येक दिवस जे माझ्या पोटात होतं ते आता त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते मला बघवेना.

"काही झालेलं नाही तुम्हाला," मी म्हटलं. "तुम्ही झोपला होतात. झोपेत बोललेलं कोणाला आठवतं?"

त्यांनी विचार केला. खांदे खाली आले, श्वास सुटला.

"म्हणजे मी झोपेतसुद्धा घरचंच बोलत होतो," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आणि मी त्याला थोरला समजत होते."