लाखीचे कान

प्रेमसिंग गेला आणि तांड्याच्या टोकाच्या त्या घरात दोनच जीव उरले, त्याची बायको रुपीबाई आणि लाखी.

लाखी म्हणजे पांढरी घोडी. आर्णीच्या आसपासच्या लग्नांत तिनं कितीतरी नवरदेव मिरवले होते. लगाम मात्र कायम प्रेमसिंगच्या हातात. रुपीबाईचं काम शेतातलं. घोडीला चारा टाकण्यापलीकडे तिचा संबंध आला नव्हता. मुलगी अर्पिता पुण्याला नोकरीत अडकलेली. दुखवट्याचे दिवस संपले, माणसं येईनाशी झाली, तशी रुपीबाई घोडीशी बोलू लागली. सकाळी भाकरी थापताना, संध्याकाळी गोठा झाडताना, आपल्या बंजारा गोरबोलीत. तूर कशी फुलली, गुडघा किती ठणकतो, अर्पिताचा फोन आला नाही, सगळं सांगायची. "आव, लाखी, आव," म्हणून हाक मारायची. लाखी मान वर करायची नाही. जवळ गेलं की दचकून बाजूला सरायची.

"मालकाच्या दुःखात हाय ते," तांड्यावरचे म्हणायचे. रुपीबाईला वाटायचं, हिला मी नको आहे.

लग्नसराई तोंडावर आली तेव्हा आर्णीचा बबलू आला. वरातीसाठी घोडे पुरवायचा त्याचा धंदा होता. खोगीर खांद्यावर टाकून तो मागूनच घोडीकडे गेला, पाठीवर थाप मारायला हात उचलला, आणि लाखीनं लाथ झाडली. बबलू थोडक्यात वाचला.

"काकू, बिघडली हे घोडी!" तो लांबूनच ओरडला. "एखांद्या लहान पोराले लागलं म्हंजे? मी घेऊन जातो, देऊन टाकतो कोणाले तरी."

"राहू दे," रुपीबाई म्हणाली. "माह्या घरचं जनावर हाय."

"तुमचं तरी आयकते का ते?"

बबलू खोगीर उचलून निघून गेला.

त्यानंतर लाखीला दारात नुसतं बांधून ठेवायचं तिच्या जिवावर आलं. शेताला जाताना ती घोडीला सोबत न्यायला लागली, धुऱ्यावर, बांधावरच्या गवतात, लांब दोरानं सोडायची. एक दिवस दुपार कलताना ती तुरीत होती. शेजारच्या शेतात रानडुकरं शिरली म्हणून कोणीतरी सुतळी बॉम्ब फोडला. पाखरांचा थवा उठला, धुऱ्यावर झोपलेलं कुत्रं शेपूट घालून पळालं. लाखी चरत होती. तिचा कानसुद्धा हलला नाही.

रुपीबाईनं हातातलं काम टाकलं. मग जेवणाचा डबा उचलून ती हळूच घोडीच्या मागे गेली आणि झाकण डब्यावर जोरजोरानं आपटलं. लाखी गवत तोडत राहिली.

वरातीत घोडीच्या मागेच गाडीवर भिंतीएवढाले डीजे वाजायचे. घरी आल्यावर खुद्द प्रेमसिंगला दुसऱ्या दिवसापर्यंत नीट ऐकू यायचं नाही.

ती धुऱ्यावर बसली. आता तिला एकेक दिसायला लागलं. प्रेमसिंग घोडीकडे कायम समोरून जायचा. आधी जमिनीवर पाय आपटायचा, मग मानेवर तळवा ठेवायचा, मगच पुढचं काम. तिला ती त्याची लकब वाटली होती. म्हणजे घोडी बहिरी झालीय हे त्याला ठाऊक होतं. वरातीची कामं सुटतील म्हणून जगापासून लपवलं असेल, पण एका ताटात जेवणाऱ्या बायकोला सांगायला काय झालं होतं?

"मले काहून नाई सांगतलं?" ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कोणीच नव्हतं. इतके दिवस सांगितलेलं कोणीच ऐकलं नव्हतं, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं आणि ती पदर तोंडाला लावून रडली.

दुसऱ्या दिवशी ती लाखीच्या समोर गेली. पाय आपटला. जमीन हादरली तशी घोडीनं मान उचलली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. रुपीबाईनं मानेवर तळवा ठेवला. कातडी थरथरली, मग शांत झाली.

गुडघा चालू देईना, म्हणून पुढं ती लाखीवर बसूनच शेताला जायला लागली. आधी बांधावर चढून पाठीवर बसायची. एकदा पडली, कोपर सोलून निघालं. लाखी पळून गेली नाही, तिथंच थांबली. नाल्याच्या पाण्याला घोडी बिचकली तेव्हा रुपीबाई खाली उतरली, लुगडं खोचून आधी स्वतः पाण्यात शिरली आणि वळून पाहिलं. लाखी मागोमाग आली. हळूहळू टाचेचा दाब, मांडीचा कल, मानेवरची बोटं एवढ्यावर दोघींचं भागू लागलं. रुपीबाईचं बोलणं मात्र बंद झालं. घर पहिल्यापेक्षाही मुकं झालं.

तूर सोंगायच्या दिवसांत त्या दोघी अरुंद रस्त्यानं परतत होत्या. मागून कापसाच्या पऱ्हाटीनं भरलेला ट्रॅक्टर उतारावर जोरात येत असल्याचा आवाज रुपीबाईला आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. लाखीला त्यातलं काही माहीत नव्हतं. बाजूनं एकदम धूड दिसलं असतं तर ती उधळली असती. रुपीबाईनं लगाम ओढला नाही. डावा तळवा मानेवर दाबून धरला, उजवी टाच लावली आणि अंग डावीकडे झुकवलं. काय आहे, कशासाठी आहे, काही न कळता लाखी रस्ता सोडून खाली उतरली आणि थांबली. ट्रॅक्टर धूळ उडवत निघून गेला. तो दिसला तेव्हा घोडी थरारली, पण जागची हलली नाही. तळवा अजून मानेवरच होता.

घरी आल्या आल्या रुपीबाईनं पुण्याला फोन लावला.

"याडी, बोल पटकन," अर्पिता आईला म्हणाली.

"अगं, आज लाखीनं..."

"याडी, मीटिंगमधे आहे मी. रात्री करते ना."

फोन बंद झाला. रात्री आला नाही. सकाळी रुपीबाईनं डबा भरला, लाखीसमोर पाय आपटला आणि तिच्यावर बसून शेताकडे निघाली. तूर अजून अर्धी उभी होती.