सुदीपची मान्यता

ब्राउझरबाहेर स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, चालवणारं सॉफ्टवेअर असा आमचा सगळ्यांना खुला रनटाइम मी आणि माझा धाकटा भाऊ सुदीप बोगादीतल्या घरातून सांभाळतो. कुठल्याही स्क्रिप्टने संगणकातली फाइल उघडण्याआधी तो वापरणाऱ्याला विचारतो. आज सकाळी पाहते तर ते विचारणंच काढून टाकलेलं! तो वापरणाऱ्या एका कंपनीने पाठवलेला बदल सुदीपने मला न दाखवता घेतला होता.

"अय्यो अक्का, सारखं 'हो' म्हणायचा त्यांना कंटाळा येतो म्हणे."

"मग घराचं दारही काढून ठेव, उघडायचा कंटाळा येतो म्हणून!"

"चिडतेस कशाला? तूच उलटव ना. अधिकार आहे तुला."

होता. पण एकाचा बदल दुसऱ्याने वाचून मान्य करायचा, हा आमचा नियम. त्याने मोडला म्हणून मीही मोडू? कंपनीचा बदल उलटवणारा माझा बदल मी मान्यतेसाठी त्याच्याकडेच पाठवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसले.

"वाच. ओळ न् ओळ."

"कंपनी रागावेल."

"मी आधी रागावलेय. तिला रांगेत माझ्यामागे उभं कर."

तो हसत वाचू लागला. हळूहळू हसू मावळलं.

"अक्का, लोकांच्या पासवर्डच्या फायलीही उघड्या पडल्या असत्या."

त्याने मान्यतेचं बटण दाबलं. "कंपनीला तू लिहितेस?"

"तूच लिही. आणि माफी लोकांची माग, कंपनीची नाही."